बायोडिझेलसाठी लागणारं मिथेनॉल छोट्या प्रमाणावर घरचं घरी तयार करणं परवडेल का?

करंज_तेल

नमस्कार मंडळी. हॉटेलांच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल, १०० लिटरची बॅच, आठवड्याला दोन. तेल मिळतं, कॉस्टिक पोटॅशही मिळतं. घोडं अडतं ते मिथेनॉलवर. बॅचला २० लिटर लागतं, ड्रम लांबून आणावा लागतो, परवान्याचे सोपस्कार आणि भाव कधी चढेल याचा नेम नाही. शेतात लाकूडफाटा मुबलक आहे आणि १० घनमीटरचा गोबरगॅस चालू आहे. लाकडापासून किंवा गॅसपासून मिथेनॉल होतं हे पुस्तकात आहेच. आठवड्याच्या ४० लिटरपुरतं छोटं युनिट बसवता येईल का? दाब, तापमान, कॅटॅलिस्ट, काय लागेल ते सविस्तर सांगा. "करू नका" एवढंच नको, का करू नको तेही लिहा.

दाबपात्र

का ते सांगतो, पण आधी ४० हा आकडा दुरुस्त करू. १०० लिटर तेल म्हणजे साधारण ९२ किलो. रासायनिक हिशेबाने त्याचं बायोडिझेल नि ग्लिसरीन होताना खरं खर्ची पडणारं मिथेनॉल १० किलो, म्हणजे १२.७ लिटर. बाकीचे सात-सव्वासात लिटर तुम्ही फक्त अभिक्रिया पुढे रेटायला जास्तीचे घालता आणि ते ग्लिसरीनबरोबर नि धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातात. ते परत मिळवलं तर निव्वळ गरज बॅचला १४-१५ लिटर, आठवड्याला २९ लिटरच्या आसपास, वजनात २३ किलो. पुढचा सगळा हिशेब या २३ किलोंचा.

मिथेनॉल बनवायचा धंदेवाईक मार्ग एकच आहे: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन १:२ प्रमाणात, तांबं-जस्त-ॲल्युमिना कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर), २२० ते २८० अंशांना, ५० ते १०० बार दाबाखाली (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब). आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९६६ मध्ये आणलेली ही पद्धत 'कमी दाबाची' म्हणवते, कारण त्याआधी बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या १९२३ च्या पद्धतीत २५०-३५० बार लागत. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर ८-१० बारला थांबतो, त्यावरून 'कमी दाब' म्हणजे काय ते लक्षात घ्या.

आता तुमचा लाकूडफाटा. साध्या, हवेवर चालणाऱ्या गॅसिफायरच्या (लाकूड अर्धवट जाळून वायू काढणाऱ्या भट्टीच्या) वायूत निम्मा नायट्रोजन असतो. कार्बन मोनॉक्साइड १८-२० टक्के, हायड्रोजन १५-१८. म्हणजे ५० बारला दाबलंत तरी कामाच्या वायूंचा वाटा जेमतेम १८ बार. एका फेरीत रूपांतर थोडंच होतं, म्हणून कारखान्यात उरलेला वायू पुन्हा पुन्हा फिरवतात. तुम्ही फिरवायला गेलात की दर फेरीला नायट्रोजन साठत जातो आणि रिॲक्टर नुसत्या नायट्रोजनने भरतो. न फिरवावं तर बराचसा वायू वाया. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन द्यायचा तर ऑक्सिजन प्लांट आला. शिवाय प्रमाण १:१ च्या जवळ, ते १:२ वर न्यायला वाफेबरोबरची शिफ्ट अभिक्रिया (कार्बन मोनॉक्साइड देऊन वाफेतून हायड्रोजन काढणं) वेगळी.

गोबरगॅसची गोष्ट निराळी. तिथे कच्चा माल ही अडचणच नाही. २३ किलो मिथेनॉलला कागदावर १२ घनमीटर मिथेन पुरतो, निम्मं वाया गेलं धरलं तरी तुमच्या संयंत्राला आठवड्याभरात झेपेल. अडतं ते पुढे. निकेल कॅटॅलिस्टवर ८५० अंशांच्या आसपास वाफेबरोबर रिफॉर्मिंग, म्हणजे मिथेन फोडून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन करणं. वाफ-कार्बन प्रमाण अडीच-तीनच्या खाली गेलं की नळीत काजळी धरते. गोबरगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड शेकडो ते हजारो पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग), आणि तांब्याच्या कॅटॅलिस्टला गंधक ०.१ पीपीएमच्या खाली लागतं. लोखंडी किसाच्या फिल्टरने स्वयंपाकापुरता वास जातो, ही पातळी गाठता येत नाही. त्यामागे झिंक ऑक्साइडचा गरम थर हवाच.

आणखी दोन गोष्टी ज्या आकृतीत दिसत नाहीत. कॅटॅलिस्ट ऑक्साइड रूपात येतो, तो आधी पातळ हायड्रोजनखाली तासन्‌तास हळूहळू रिड्यूस करावा (त्यातला ऑक्सिजन काढावा) लागतो. घाई केली की तापमान उसळतं, ३०० च्या वर तांब्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि माल कायमचा मेला. दुसरं, साध्या पोलादाच्या पाइपात दाबाखालचा कार्बन मोनॉक्साइड गेला की लोहाचं कार्बोनिल तयार होतं. ते वायूबरोबर वाहत जाऊन कॅटॅलिस्टवर लोखंड होऊन बसतं. म्हणून गरम भागात स्टेनलेसच.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर: भेलच्या हैदराबाद केंद्राने देशी कोळशापासून मिथेनॉलचं प्रायोगिक युनिट उभारलं, क्षमता दिवसाला पाव टन, प्रकल्पाला १० कोटींचा सरकारी निधी. तुम्हाला दिवसाला सव्वातीन किलो हवंय. ते त्याच्या पंचाहत्तराव्या हिश्शाचं आहे, पण खर्च पंचाहत्तर पटीने उतरत नाही. कॉम्प्रेसर, सेफ्टी व्हॉल्व्ह, कार्बन मोनॉक्साइडचे डिटेक्टर सगळे लागतातच. उलट रिॲक्टर जितका लहान तितकी त्याच्या अंगातून उष्णता जास्त निसटते. आणि हे दोन दिवस चालू, पाच दिवस बंद असं चालत नाही. चोवीस तास शिफ्ट लावावी लागते.

सौर_पंप

पाण्यापासून हायड्रोजन आणि गोबरगॅसमधला कार्बन डायऑक्साइड घेतला तर? रिफॉर्मर तरी वाचेल.

दाबपात्र

वाचेल, पण वीज बघा. एक लिटर मिथेनॉलला ०.१५ किलो हायड्रोजन, किलोला ५०-५५ युनिट धरले तर लिटरला आठ युनिट नुसत्या हायड्रोजनला. आठवड्याला २३० युनिट. युनिट आठ रुपयांना पडत असेल तर दाब, उष्णता, मजुरी धरायच्या आधीच लिटर ६४ रुपयांवर गेलं. आणि या मार्गाने मोलास मोल पाणी तयार होतं. हाती येतं त्यात वजनाने एक तृतीयांशाहून जास्त पाणी, ते वेगळं करायला ऊर्ध्वपातन आहेच.

कोळसाभट्टी

लाकडाच्या कोरड्या ऊर्ध्वपातनाचं (लाकूड हवेविना तापवून वाफ थंड करण्याचं) कोणी बोललं नाही. दाब नको, कॅटॅलिस्ट नको. रॉबर्ट बॉइलने १६६१ मध्ये असंच वेगळं केलं होतं, आणि विसाव्या शतकापर्यंत जगाचं मिथेनॉल असंच येत होतं.

पण उतारा ऐका. कोरड्या कठीण लाकडाच्या वजनाच्या १ ते २ टक्के. बाभूळ, सुबाभूळ, आंबा यांसारखं रुंद पानांचं लाकूड बरं. २३ किलोंसाठी आठवड्याला सव्वा ते सव्वादोन टन सुकं लाकूड हवेविना तापवायचं. आपल्याकडच्या मातीने लिंपलेल्या भट्टीत धूर वर जातो, त्यात काहीच हाती लागत नाही. बंद रिटॉर्ट (लाकूड तापवायचं भांडं) आणि वाफ थंड करणारा कंडेन्सर लागतो. जे गळतं ते काळपट आंबूस पाणी: बरंचसं पाणी, त्यात ॲसेटिक आम्ल, डांबर, ॲसिटोन, मिथाइल ॲसिटेट आणि चिमूटभर मिथेनॉल. डांबर तळाशी बसू द्यायचं, चुन्याची निवळी नव्हे तर चांगला दाट चुना घालून आम्ल मारायचं (मिथाइल ॲसिटेटही त्यात फुटतं, हा फायदा), मग उंच कॉलममधून काढायचं. तरी ॲसिटोन पूर्ण जात नाही. ते ५६ ला उकळतं, मिथेनॉल ६४.७ ला, पण दोघं मिळून ५५.५ ला एकत्र निघतात, त्यामुळे सुरुवातीचा भाग टाकण्यात तुमचं मिथेनॉलही जातं.

कोळसा हाच धंदा असेल, टनामागे पाव टनाहून जास्त कोळसा विकला जात असेल, तर मिथेनॉल वरकड म्हणून ठीक. नुसत्या मिथेनॉलसाठी हा मार्ग धरू नये.

इथाइल

साखर कारखान्यांच्या राज्यात इथेनॉल का नाही वापरत? त्यापासून होणारं बायोडिझेल, म्हणजे इथाइल एस्टर, तेही डिझेलमध्ये चालतं.

दाबपात्र

चालतं. पण वजनाने १.४४ पट लागतं, ग्लिसरीन चटकन खाली बसत नाही, आणि ९५ टक्क्यांच्या स्पिरिटमधल्या पाण्याने सगळ्याचा साबण होतो. पूर्ण निर्जल इथेनॉल हवं, आणि त्याचा परवाना मिथेनॉलपेक्षा सोपा आहे असं समजू नका.

करंज_तेल

पटलं. म्हणजे बनवायचा नाद सोडून परत मिळवायच्या मागे लागायचं. मग ते नीट सांगा. ग्लिसरीनच्या थरातून काढायचं की बायोडिझेलमधून? सध्या दोन्ही तसंच जातं.

गाळण

दोन्हीतून, पण आधी ग्लिसरीनमधून. जास्तीच्या मिथेनॉलपैकी साठेक टक्के तिथे असतं. बॅचला चार-सव्वाचार लिटर.

क्रम महत्त्वाचा. रिॲक्टरमध्येच ग्लिसरीनसकट तापवून मिथेनॉल उडवायला गेलात तर अभिक्रिया उलटी फिरते. अल्कली (तुमचं पोटॅश) अजून जिवंत असते, मिथेनॉल कमी झालं की एस्टर, म्हणजे बायोडिझेल, परत ग्लिसराइडकडे (कच्च्या तेलाकडे) वळतो. म्हणून रात्रभर निवू द्या, खालचा थर पूर्ण काढा, मगच वरचं बायोडिझेल तापवा.

भांडं ३०४ स्टेनलेसचं. ॲल्युमिनियम नको, अल्कली खाते. जस्ताचा मुलामा दिलेलं पिंप नको. वॉशर टेफ्लॉनचे. व्हायटॉन महाग म्हणून सगळीकडे चालेल असं वाटतं, पण त्याच्या साध्या प्रती मिथेनॉलमध्ये फुगतात. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, कारण ग्लिसरीनमधला साबण शेवटी-शेवटी दुधासारखा उतू येतो आणि कंडेन्सरमध्ये शिरतो. उष्णता बाहेरून, तेलाच्या जॅकेटमधून द्या. आत उघडी कॉइल असेल तर पातळी उतरल्यावर ती उघडी पडते, वर मिथेनॉलची वाफ, पुढचं सांगायला नको. गॅसची शेगडी तर त्या खोलीतच नको.

ग्लिसरीन ७० च्या आसपास सोडायला लागतं, मग तापमान चढत जातं. भांड्यात १०५-११० ला थांबा. वरच्या थर्मामीटरवर ६५ दिसत असतं, ते ७० च्या पुढे सरकलं की पाणी येतंय असं समजा आणि त्यानंतरचं वेगळ्या कॅनमध्ये घ्या. मिथेनॉल-पाण्याचं ॲझिओट्रोप (एकत्रच उकळणारं, ऊर्ध्वपातनाने न सुटणारं मिश्रण) नाही, त्यामुळे मीटरभराचा भरलेला कॉलम टाकला तर बऱ्यापैकी कोरडं मिळतं.

कंडेन्सर लहान घेऊ नका. ताशी ५ किलो मिथेनॉल द्रवायला दीड किलोवॉट उष्णता काढावी लागते, पाणी १० अंशांनी तापू दिलं तर ताशी १३० लिटर. एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी ३५ अंशांवर असतं तेव्हा बरंच मिथेनॉल वाफ म्हणूनच पुढे निघून जातं. पहाटे चालवा नाहीतर बर्फाची बादली ठेवा. कॅनचं तोंड मात्र कधीही बंद करायचं नाही, वाफेची नळी बाहेर मोकळ्या हवेत.

कोळसाभट्टी

एक भर. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. हात भाजतो तेव्हा कळतं. मोटर फ्लेमप्रूफ (ठिणगी बाहेर न पडणारी), भांडं आणि कॅन एकाच अर्थिंगला जोडलेले.

आणि परत मिळवलेलं मिथेनॉलही कायद्याने मिथेनॉलच. १९१९ चा विष कायदा नि राज्याचे १९७२ चे नियम त्यालाही लागू. मुंबईच्या मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर माणसं मिथेनॉलच्या दारूने गेली, त्यानंतर कॅन मोजण्याची नजर कडक आहे. नोंदवही ठेवा, कुलूप लावा, पाण्याच्या बाटलीत थेंबही ठेवू नका.

करंज_तेल

परत मिळालेलं थेट पुढच्या बॅचला चालेल? कोरडं आहे हे कसं ओळखायचं?

गाळण

हायड्रोमीटरने, तापमान बघून. २० अंशांना शुद्ध ०.७९२, ५ टक्के पाणी असेल तर ०.८०६. ३० अंशांना शुद्धच ०.७८२ दाखवतं, म्हणजे तापमानाची दुरुस्ती न करता उन्हाळ्यात मोजलंत तर ओलं मिथेनॉल कोरडं वाटेल.

पाण्याचा हिशेब असा करा. १०० लिटर तेलाला ९०० ग्रॅम पोटॅश घालता, ते मिथेनॉलमध्ये विरघळताना स्वतःच पाव किलोच्या वर पाणी तयार करतं. त्यात सगळं २० लिटर ५ टक्के पाण्याचं वापरलं तर आणखी ८०० ग्रॅम. मग साबण होणारच. पण ५ लिटर परतीचं, ३ टक्के पाण्याचं, १५ लिटर ताज्यात मिसळलं तर भर १२० ग्रॅमचीच. तेवढं खपतं, तेल आधी नीट सुकवलेलं असेल तर.

त्याहून कोरडं हवं तर मॉलिक्युलर सीव्ह (सूक्ष्म भोकांत पाणी धरून ठेवणारे दाणे), ३ अँगस्ट्रॉम भोकांची. ४ ची स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, तिच्या भोकांत मिथेनॉलही शिरतं. पाण्याच्या दहापट वजनाची सीव्ह घाला, दिवसभर ठेवा. परत वापरायची तर आधी मोकळ्या हवेत पसरून मिथेनॉल पूर्ण उडू द्या, मगच २००-२५० अंशांना भाजा. ओली सीव्ह थेट ओव्हनमध्ये टाकली तर ओव्हनचं दार उडतं.

एवढं बसलं की पुढची काटकसर मिथोक्साइड (मिथेनॉलमध्ये विरघळवलेलं पोटॅश) दोन टप्प्यांत घालून. आधी ८० टक्के, तासाभराने ग्लिसरीन काढायचं, मग उरलेलं २० टक्के. मिथेनॉल २० वरून १६-१७ लिटरवर येतं. पण प्रत्येक बॅचला चाचणी करा: ३ मिली बायोडिझेल, २७ मिली मिथेनॉल, हलवून पाच मिनिटं ठेवा. तळाशी तेलाचा थेंब बसला तर अभिक्रिया अपुरी. मिथेनॉल २० अंशांच्या आसपास थंड करून घ्या. ३५ अंशांच्या मिथेनॉलमध्ये थोडं कच्चं तेलही विरघळून जातं आणि नापास बॅच पास दिसते.

करंज_तेल

आणि मिथेनॉल काढून उरलेलं ग्लिसरीन गोबरगॅसला घालता येईल का?

सौर_पंप

येईल, शेणाच्या घोळाच्या १ टक्क्यापासून सुरू करा आणि आठवडाभर गॅस नि वास बघून वाढवा. जास्त घातलं की आम्ल साठतं आणि गॅस बंद पडतो. पोटॅश वापरताय हे बरं, सोडा असता तर स्लरीतून क्षार शेतात गेले असते.