सासूबाईंना डे केअरला पाठवावं का?

ताई, ‘स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंना डे केअरला, म्हणजे अशा रुग्णांना दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रात, पाठवलं तर लोक काय म्हणतील’ असं विचारलंत. म्हणू देत. दुपारी त्यांचे ओले कपडे बदलायला त्यातलं कोणी येणार आहे का?

माझ्या आईला अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार, होता. आठवड्यातून तीन दिवस पाठवायचो. पहिले पंधरा दिवस ती रिक्षातून उतरायलाच तयार नसायची. मग तिथल्या मावशींनी तिच्यापुढे मेथीची जुडी ठेवली. माझं नाव विसरलेली आई पानं मात्र झरझर खुडत होती, वर ‘कोवळी देठं टाकू नका गं’ म्हणून दटावतही होती! दिवस असा कामात गेला की संध्याकाळची ‘मला घरी जायचंय’ ही घालमेल (तीही स्वतःच्याच घरात बसून) कमी व्हायची. रोज नाही, पण व्हायची.

सुरुवातीला दोनच तास पाठवा. संडासला कोण नेतं, औषधं कोण देतं, दाराशी कोणी असतं का, एवढं नक्की विचारा. एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही संस्था १९९२ पासून याच आजारावर काम करतेय, त्यांच्याकडेही चौकशी करा.

आणि तुम्ही? पहिल्या दिवशी मी घरी येऊन सलग तीन तास झोपले होते.