मदत हवी आहे: ट्रेड उलटवू की थांबू?

नमस्कार मंडळी. काल धाकट्या भावाची काउंटर-स्ट्राइक या गेममधली चाकूची स्किन (शस्त्राचं सजावटी रूप) गेली. स्टीम या गेमिंग प्लॅटफॉर्मवर त्याने ओळखीच्या मुलालाच ट्रेड, म्हणजे वस्तूंच्या अदलाबदलीचा प्रस्ताव, पाठवली होती. फोनवर मंजुरी द्यायच्या आत ती रद्द झाली आणि लगेच दुसरी दिसली, तेच नाव, तोच फोटो. त्याने घाईत मंजुरी दिली. नंतर पाहिलं तर समोरच्या खात्याची लेव्हल ०, म्हणजे बहुधा बनावट खातं. पोरगा रात्री जेवलाच नाही.

खोदून विचारल्यावर कळलं, आठवड्यापूर्वी ‘आमच्या टीमला मत दे’ म्हणून आलेल्या लिंकवर त्याने क्यूआर कोड स्कॅन केला होता. खात्यात एक अनोळखी उपकरण सापडलं. पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं. एपीआय की (बाहेरच्या प्रोग्रामला खात्याच्या ट्रेड हाताळू देणारी किल्ली) आहे का तेही बघितलं, ती नव्हती. ट्रेड यूआरएलही (ज्या लिंकवरून इतर लोक आपल्याला ट्रेड पाठवतात ती) बदलावी का?

७ दिवसांच्या आत ट्रेड उलटवता येते, पण मग त्या काळातल्या सगळ्याच ट्रेड उलटतात आणि ३० दिवस व्यवहार बंद राहतात. त्यात एका मित्राशी केलेली प्रामाणिक अदलाबदलही जाईल. कुणी हे केलंय का? त्या मित्राला आधी सांगावंच लागेल ना?

शिवाय एक जण ‘दुसरी स्किन माझ्याकडे ठेव, चाकू परत मिळवून देतो’ म्हणून मागे लागलाय. मला तो सरळसरळ चोर वाटतो. भावाला मात्र आशा वाटतेय, त्याला कसं समजावू?