पदवीदानाला चार मिनिटांचं विनोदी भाषण: सल्ला हवा (खर्च ५०० रुपयांच्या आत)

पोटमाळा | सोम, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. अंधेरीतलं इंजिनियरिंग कॉलेज, पुढच्या शनिवारी पदवीदान, आणि विद्यार्थ्यांतर्फे बोलायला मला उभं केलंय. वेळ चार मिनिटं, त्यावर घंटा. समोर ३५० मुलं, तेवढेच पालक, स्टेजवर प्राचार्य आणि पाहुणे. सूचना एकच: "हलकंफुलकं हवं, पण पातळी सोडू नको." समन्वयक मॅडमना गुरुवारी मसुदा दाखवायचाय.
कागद न्यावा की पाठ करावं? मराठी की इंग्रजी? हशा आलाच नाही तर काय करायचं? खर्च प्रिंटआउट वगैरे धरून ५०० च्या आत. एक विनोद लिहिलाय, तो असा:
"आमच्या कॉलेजमध्ये लिफ्ट आहे हे आम्हाला चौथ्या वर्षी कळलं, कारण पहिली तीन वर्षं तिच्यावर फक्त कर्मचाऱ्यांसाठी अशी पाटी लावलेली होती आणि वॉचमन काका कोणालाही आत सोडत नव्हते."
मैत्रिणी हसल्या, आई नाही.

बोरिवली_फास्ट | सोम, ९:५२
पब्लिक स्पीकिंगचा वीकेंड क्लास लाव. साडेपाच हजार, दोन दिवस, व्हिडिओ काढून चुका दाखवतात. त्याशिवाय स्टेजवर जाणं म्हणजे पोहायला न शिकता जुहूच्या समुद्रात उडी.

केटीवीर | सोम, ९:५५
धागाकर्तीने ५०० लिहिलंय, काका. शून्य मोजा.

सूत्रधार_शिवडी | सोम, १०:२०
आधी हिशोब, विनोद नंतर. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. माईकपर्यंत चालणं आणि पहिल्या टाळ्या यात १५ गेले. आठ हशे धरलेस, प्रत्येकी चार सेकंद, तर ३२ गेले. उरले १९०-१९५. स्टेजवर सावकाश बोललेलं मराठी मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास जातं, म्हणजे साधारण ३५० शब्द. घंटेची भीती नको असेल तर ३३० वर थांब. बहुतेक मुलं ६०० लिहून आणतात आणि तिसऱ्या मिनिटाला वेग पकडतात. वेग वाढला की हशा मरतो, लोकांना हसायला जागाच उरत नाही.
दुसरं, "आदरणीय व्यासपीठ, प्रमुख पाहुणे, प्राचार्य, विभागप्रमुख..." ही आरती निवेदकाने आधीच म्हटलेली असते. तू "नमस्कार" म्हण आणि सुरू कर. पहिला हशा २० सेकंदांत यायला हवा. सभागृह तेवढ्यात ठरवतं की ही मुलगी गंमत करणार आहे की आभारप्रदर्शन.

व्याकरणाची_काठी | सोम, १०:४१
शीर्षकात "पदवीदान" लिहिलंय. विद्यापीठाचा तो दीक्षान्त समारंभ, कॉलेजचा पदवी प्रदान समारंभ. शिवाय फोर्टमधल्या सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृहात (आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, पूर्ण १८७४) असं चावट भाषण कोणी केलं असतं का? मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत, १८६२ साली, रानडे आणि भांडारकर होते. त्यांनी लिफ्टवर विनोद केले नाहीत.

केटीवीर | सोम, १०:४४
१८६२ ला मुंबईत लिफ्ट कुठे होती हो. हलके घ्या.

माटुंगा_मावशी | सोम, १०:५८
राजाबाई टॉवरचा आराखडाही स्कॉटचाच, तो १८७८ ला पूर्ण झाला. आणि स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही, लंडनहून नकाशे पाठवले. हे कुणी सांगत नाही.

कटिंग_कर | सोम, ११:३०
धाग्याचं काश्मीर व्हायच्या, म्हणजे विषय पार भरकटायच्या, आत मुद्द्यावर येतो. विनोद चांगला आहे, वाक्य वाईट आहे. २७ शब्द, आणि गंमत नवव्या शब्दावर संपली. पुढचे अठरा शब्द खुलासा.
मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही विनोदाची मोठी अडचण. हसवणारा शब्द येऊन जातो आणि मागून "होती", "नव्हते" ही शेपटी वळवळत राहते. लोक हसायला तोंड उघडतात तोच तू आणखी दोन शब्द बोलतेस, आणि ते तोंड मिटतात. म्हणून वाक्य मोडायचं, क्रियापद उडवायचं किंवा पुढे घ्यायचं, गमतीचा शब्द अगदी टोकाला. म्हणजे असं:
"आमची लॅब सहाव्या मजल्यावर. लिफ्टवर पाटी: फक्त कर्मचाऱ्यांसाठी. (थांब) डिग्री म्हणते इंजिनियर. पोटऱ्या म्हणतात गिर्यारोहक."
चौदा शब्द. मजला तुझा खरा असेल तो टाक. "गिर्यारोहक" नंतर तोंड बंद, मान वर.
आई का हसली नाही तेही बघ. पाटी नक्की कशावर होती हे कळेपर्यंत ती वॉचमन काकांपाशी पोचली होती. अर्धं सभागृह आईवडिलांचं आहे. "केटी", "सबमिशन", "एक्स्टर्नल", "डिफॉल्टर लिस्ट" हे त्यांना ग्रीक. असा शब्द हवाच असेल तर अर्ध्या ओळीत फोड कर: "केटी, म्हणजे तोच पेपर पुन्हा, फी भरून." ही फोडसुद्धा हशा देते, कारण मुलांना ती माहीत असते आणि पालकांना आत्ता कळते.

बोरिवली_फास्ट | मंगळ, सकाळी ८:०५
क्लासमध्ये नेमकं हेच शिकवतात. पंच शेवटी.

आवाजखोली | मंगळ, ८:३०
माईकबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पोडियमवर बहुतेक वाकणाऱ्या दांडीचा माईक असतो. तोंडापासून एक वीत, रोख हनुवटीकडे. थेट तोंडासमोर धरलास तर "प", "फ", "भ" ला फुस्स-फुस्स वाजतं. टिचक्या मारू नकोस, फुंकू नकोस, "नमस्कार" हीच चाचणी.
हातातला माईक मिळाला तर चार बोटांचं अंतर आणि जाळीला मूठ आवळायची नाही. जाळी झाकली की शिट्टी वाजते. वाजलीच तर माईक स्पीकरकडे वळवू नकोस, छातीशी आण.
आता विनोदी भाषणात हमखास होणारी चूक. प्राचार्यांवरची ओळ आली की मुलं वळून त्यांच्याकडे बघत बोलतात. दांडीचा माईक मागे राहतो, आवाज अर्धा होतो आणि नेमका शेवटचा शब्द हवेत जातो. मागच्या रांगांना ऐकूच येत नाही, पुढचे दोनशे हसतात, आणि तुला वाटतं विनोद पडला. ओळ समोर बघून पूर्ण कर. मान नंतर वळव. ती वळलेली मान हाच दुसरा हशा.

कोपरा_नं_४ | मंगळ, ९:१५
आवाजखोलीला +१. बाकी कॉलर माईक विकत घे, ऑनलाइन दोन-अडीच हजारात चांगले मिळतात.

आवाजखोली | मंगळ, ९:२२
कॉलेजच्या साऊंडवाल्याच्या मिक्सरला तो जोडायचा कसा, तेही लिहा. आणि गाऊनचं कापड कॉलर माईकवर घासलं की खरखर. अजिबात घेऊ नकोस.

माटुंगा_मावशी | मंगळ, १०:१०
गाऊनवरून आठवलं. तालीम गाऊनची बाही धरून करायची, साधी चादर अंगावर घेतलीस तरी चालेल. बाही रुंद असते. पान उलटताना अडकते आणि पोडियमवरचा पाण्याचा ग्लास घेऊन खाली येते. ग्लास आधीच हलवून ठेव. टोपीला दोन यू-पिना, कानाच्या वर, आडव्या. गोंडा डाव्या बाजूला टाकून घे, नाहीतर मान झुकवली की तोंडात. आणि त्या भाड्याच्या गाऊनची अनामत परत द्यायला किती खेपा घालायला लावतात, त्यावर वेगळा धागा निघेल.
आतून पैठणी नेसणार असशील तर पदर पिनअप कर.

सूत्रधार_शिवडी | मंगळ, १०:४०
कागदाचं. पाठ करू नकोस. पाठ केलेलं भाषण हशानंतर तुटतं, कारण लोक किती वेळ हसतील हे पाठ करता येत नाही. छापून ने, पण वाचायला सोपं: २० पॉइंटचा टाइप, दीडपट अंतर, ओळ श्वासावर तोडलेली, मजकूर पानाच्या वरच्या दोन-तृतीयांशातच. खालपर्यंत छापलंस तर डोकं खाली जातं आणि लोकांना टोपीच दिसते. एका पानावर शंभरेक शब्द, म्हणजे चार पानं. स्टेपल मारू नकोस, पानांवर मोठे आकडे टाक, वाचलेलं पान उलटायचं नाही, बाजूला सरकवायचं. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाड कागदावर दोन संच काढ, पन्नासच्या आत होतं. दुसरा संच मैत्रिणीकडे.
मोबाईलवरून वाचायचा विचारही नको. तिसाव्या सेकंदाला स्क्रीन विझते, अंगठा लागला की मजकूर कुठच्या कुठे पळतो, आणि खालून चेहऱ्यावर भुताचा उजेड पडतो.

कोपरा_नं_४ | मंगळ, ११:००
मोबाईल नको, सहमत. मावशीचा मामा फोन करणारच त्याच वेळी.

केटीवीर | मंगळ, ११:०२
मोबाईल नको +१. काय नको याची यादीही दे कुणीतरी. "आयुष्य म्हणजे लोकल ट्रेन" या वर्षी पुन्हा ऐकलं तर मी चेन ओढीन. वडापावही नको. निकाल उशिरा लागण्याचा विनोद २०१७ मध्ये, ऑनलाइन पेपर तपासणीच्या गोंधळात, ताजा होता.

कटिंग_कर | मंगळ, दुपारी १:२०
नकोची यादी छोटी आहे. कुणाची जोडी, कुणाची केटी, कुणाचं पॅकेज, सरांचा उच्चार, कुणाचा रंग-जात-वजन. विनोद माणसावर करू नकोस, नियमावर, पाटीवर, वस्तूवर कर. "प्राचार्य लिफ्ट वापरू देत नाहीत" यात प्राचार्य सापडले. "लिफ्टवर पाटी" यात पाटी सापडली, आणि प्राचार्यांना हसता येतं. ते हसले की पाहुणे हसतात, मग मागच्या रांगेतल्या प्राध्यापकांना परवानगी मिळते. सभागृह वरून खाली हसतं.
मराठी-इंग्रजीचं भांडण व्यर्थ आहे. ज्या भाषेत मूळ प्रसंग घडला त्या भाषेत ती ओळ. वॉचमन काका हिंदीत ओरडतात तर हिंदीत ओरडू देत. सगळं भाषांतर करून एका भाषेत आणलंस की पाणी घातलेला चहा.

व्याकरणाची_काठी | मंगळ, १:३५
असहमत. पदवी घेणाऱ्याला सलग चार मिनिटं शुद्ध मराठी बोलता येऊ नये?

बोरिवली_फास्ट | मंगळ, १:५०
इंग्रजीत कर. पाहुणे कॉर्पोरेट असतात, नोकरीसुद्धा लागू शकते.

कटिंग_कर | मंगळ, २:१५
हशा नाही आला तर, हे राहिलं होतं. काहीही करू नकोस. विनोद समजावू नकोस, "हसा की" म्हणू नकोस, घशातल्या घशात स्वतः हसू नकोस. पुढची ओळ तू ठरवलेल्या वेगानेच घे. लोकांना तो विनोद होता हेच कळत नाही, त्यांना वाटतं माहिती होती. उलट हशा आला की तो शिगेला जाऊन उतरायला लागेपर्यंत थांब, पूर्ण शांत होईपर्यंत नाही. पार शांत झाल्यावर बोललीस तर इंजिन पुन्हा थंडीत सुरू करावं लागतं.
क्रम: दोन नंबरचा विनोद सुरुवातीला, एक नंबरचा शेवटाला, लंगडा मध्ये. शेवटाआधी ४०-४५ सेकंद गंभीर, आईवडिलांसाठी. तिथे वेग कमी कर, विनोद एकही नको. मग एकच ओळ, सुरुवातीच्या लिफ्टकडे परत:
"आज आम्ही सगळ्यांनी गाऊन घातलेत. प्राध्यापक कोण आणि आम्ही कोण, वॉचमन काकांना कळायचं नाही. चला. लिफ्टने."
आणि मॅडमना मसुदा दोन विनोद जास्त घालून दे. त्या दोन कापणारच, त्यांना कापायला काहीतरी मिळालं पाहिजे.

माटुंगा_मावशी | मंगळ, ४:००
शेवटी चारोळी हवी. चारोळीशिवाय भाषण म्हणजे पानात मीठ नाही.

सूत्रधार_शिवडी | मंगळ, ४:१२
चारोळी नको. टाळ्या दुसऱ्या ओळीला पडतात आणि उरलेल्या दोन कुणी ऐकत नाही. तालीम मात्र उभ्याने, मोठ्याने, सात-आठ वेळा, फोनवर रेकॉर्ड करून. मनातल्या मनात वाचलेलं चार मिनिटांचं भाषण स्टेजवर साडेपाच मिनिटं होतं. शेजारच्या एखाद्या काकूंनाही ऐकव, ज्यांना तुझं कॉलेज माहीत नाही. त्या कुठे भुवया उंचावतात तिथे पेन्सिलने खूण.

पोटमाळा | गुरु, रात्री ८:३०
सगळ्यांचे आभार. ३३४ शब्द झाले. मॅडमनी कँटीनचा आणि वाय-फायचा विनोद कापला, लिफ्ट राहिली. कापायला दिलेलेच कापले, कटिंग_कर! प्राचार्य ती पाटी काढायचा विचार करतायत असं कानावर आलंय. शनिवारपर्यंत काढू नका म्हणून सांगायला जाऊ का, असं झालंय. मजला पाचवा आहे. पोटऱ्या त्याच.
खर्च: यू-पिना २० रुपये. बस्स.
आज सभागृह बघून आले. भाषणांच्या वेळी मागे पडद्यावर फोटो चालणार म्हणून स्टेजवरचे दिवे मंद, आणि पोडियमचा छोटा दिवा बंद पडलाय, बदलणार नाहीत. छापील पानं घेऊन उभी राहिले, वीस पॉइंटसुद्धा दिसेना. त्यामुळे मोबाईलवरूनच वाचणार आहे. एअरप्लेन मोड, स्क्रीन विझण्याची वेळ दहा मिनिटं, काळ्यावर पांढरी अक्षरं, आणि स्क्रोल नको म्हणून चार पानांचे चार फोटो.

सूत्रधार_शिवडी | गुरु, ८:४१
चिमट्याची छोटी टॉर्च मिळते. सांगून दमलो.

कोपरा_नं_४ | गुरु, ८:४४
मोबाईल नको +१.

आवाजखोली | गुरु, ८:५०
ऑटो-रोटेट बंद कर. पोडियम उतरता असतो, फोन आडवा झाला की चारही फोटो आडवे.