जांभ्याच्या छोट्या घरासाठी वास्तुविशारद हवा का?

प्रश्न : रत्नागिरीजवळ 600 चौरस फुटांचे जांभ्याचे घर बांधायचे आहे. एवढ्या घराचा नकाशा मीच काढून देतो, असे गवंडी म्हणतात. वास्तुविशारदाचे शुल्क देण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद १ : गवंड्याचा हात कितीही चांगला असला, तरी पावसाची झड कोणत्या बाजूने येते, जोते किती उंच घ्यायचे आणि छप्पर भिंतीबाहेर किती काढायचे, हे आधी कागदावर ठरलेले बरे, कारण चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) पाणी शोषतो आणि भिंती उभ्या राहिल्यावर छप्पर वाढवणे महागात पडते.

प्रतिसाद २ : सहमत. मात्र 1972 च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेत नोंदणी असलेल्यालाच स्वतःला वास्तुविशारद म्हणवता येते, म्हणून नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा. शुल्क कामाच्या टप्प्यांनुसार द्यावे, आणि जागेवरील भेटी किती, नकाशात बदल किती वेळा, परवानगीची कागदपत्रे कोण करणार, हे लेखी घ्यावे. तोंडी बोलणी छपराच्या वेळी कोणालाच आठवत नाहीत!

प्रश्नकर्ता : आभारी आहे. गवंड्यांनाही पहिल्या बैठकीला बोलवावे का?

प्रतिसाद १ : अवश्य. स्थानिक चिऱ्याची पारख त्यांनाच अधिक असते.