मदत हवी आहे: परदेशात व्हॉइसमेलचा दुहेरी आकार टाळून आईचे निरोप कसे मिळवावेत?

नमस्कार. पुढच्या महिन्यात मला कामानिमित्त सहा आठवडे परदेशी राहायचे आहे आणि त्याआधी मोबाइलच्या व्हॉइसमेलची घडी नीट बसवून जावे, अशी माझी इच्छा आहे. ही धडपड मुख्यतः आईसाठी आहे. तिची दृष्टी अधू झाल्यामुळे तिला संदेश लिहिता-वाचता येत नाहीत. ती बटणांचा साधा फोन वापरते आणि मी फोन उचलला नाही, तर निरोप बोलून ठेवणे एवढेच तिला जमते.

मागच्या प्रवासात मी बैठकीत असताना तिचे बरेच फोन आले. मी एकही उचलला नाही, तरी बिलात प्रत्येक फोनचे दोन आकार लागले होते: एक येणाऱ्या कॉलचा आणि दुसरा माझ्याकडून मायदेशी केलेल्या आंतरराष्ट्रीय कॉलचा. असा कॉल मी केलेलाच नव्हता. ग्राहक सेवेकडे विचारले असता ‘रोमिंगमध्ये असेच असते’ एवढेच उत्तर मिळाले. शिवाय तिथून व्हॉइसमेल ऐकू गेले, तर पिन मागितला गेला. घरी असताना तो कधीच मागितला गेला नव्हता, त्यामुळे मला तो ठाऊकही नव्हता. आईचे चार निरोप मी परत आल्यावर ऐकले.

हे दोन आकार का लागतात आणि ते टाळूनही आईला निरोप ठेवता येईल का, हे कृपया जाणकारांनी सांगावे. व्हॉइसमेल बंदच करून टाका, हा सल्ला मला आधीच मिळाला आहे. परंतु माझ्या परिस्थितीत तो उपयोगाचा नाही.

प्रतिसाद १

तुम्हाला मिळालेले उत्तर अपुरे होते. व्हॉइसमेलची पेटी तुमच्या फोनमध्ये नसते, ती मायदेशातील कंपनीच्या यंत्रणेत असते, आणि न उचललेला कॉल तिच्याकडे वळवला जातो. तो कॉल नेमका कुठून वळतो, यावर आकार ठरतो. तुम्ही परदेशी असताना आईंचा कॉल आधी तिथल्या नेटवर्कपर्यंत जातो, तुमचा फोन वाजतो, आणि तुम्ही तो उचलला नाही किंवा कापला, तर तिथले नेटवर्क तो पेटीकडे, म्हणजे परत मायदेशी पाठवते. जाणे आणि परत येणे असे दोन प्रवास होतात आणि दोन्हींचा खर्च तुमच्या नावावर पडतो. युरोपीय संघाने आपल्या रोमिंग ग्राहकांना निरोप येण्याबद्दल आकार लावण्यास १ जुलै २०१० पासून मनाई केली. इतरत्र मात्र आपापल्या कंपनीचे नियम पाहावे लागतात.

त्यामुळे कॉल मायदेशातच वळेल, अशी व्यवस्था करावी. निघण्यापूर्वी *#६१# डायल केल्यास न उचललेले कॉल कोणत्या क्रमांकाकडे जातात, हे पडद्यावर दिसेल. तोच तुमच्या व्हॉइसमेलचा क्रमांक होय. तो देशाच्या संकेतांकासह लिहून ठेवावा. मग **२१* नंतर तो क्रमांक आणि शेवटी # असे डायल केले, की सर्व कॉल मायदेशातूनच थेट पेटीत जातात. फोन वाजतच नाही, हा याचा तोटा आहे. तो नको असेल, तर केवळ बैठकीच्या आणि झोपेच्या वेळेपुरता फोन विमान मोडवर ठेवावा. फोन असा रीतसर बंद होताना नेटवर्कला तसे कळवतो, त्यामुळे कॉल परदेशी पाठवण्याआधीच पेटीकडे वळतो. बॅटरी अचानक संपली किंवा रेंज गेली, तर हे कळवणे होत नाही आणि जुनाच दुहेरी फेरा घडू शकतो.

या दुसऱ्या मार्गात फोन चालू असताना वाजून थांबलेले आणि तुम्ही कापलेले कॉल परदेशातून वळू नयेत, म्हणून ##६१# आणि ##६७# डायल करून त्या दोन वळवण्या काढाव्यात. *#६२# ने दिसणारी, फोन संपर्काबाहेर असतानाची वळवणी मात्र राहू द्यावी. पुष्कळ जण ##००२# सुचवतात, पण त्याने सगळ्याच वळवण्या पुसल्या जातात आणि आईंना निरोप ठेवायला जागाच उरत नाही. हे संकेत जीएसएम पद्धतीच्या जाळ्यांवरचे आहेत आणि वळवण्या नेटवर्कवर साठवल्या जातात, त्यामुळे फोन बदलला तरी त्या टिकतात. परदेशी पोहोचल्यावर त्या बदलता येतीलच असे नाही. सर्व काही घरूनच करावे.

प्रतिसाद २

पिनविषयी थोडे लिहितो, कारण तो विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. घरी असताना यंत्रणा तुमचा क्रमांक ओळखते, म्हणून पिन मागत नाही. परदेशातून किंवा दुसऱ्या फोनवरून ती ओळख पटत नाही. त्यामुळे घरीच १ हे बटण दाबून धरून व्हॉइसमेलच्या सूचनांनुसार पिन ठरवावा. कंपनीने दिलेला मूळ पिन किंवा जन्मसाल कधीही ठेवू नये. ब्रिटनमध्ये वार्ताहर इतरांचे व्हॉइसमेल चोरून ऐकत होते, त्यात न बदललेल्या मूळ पिनचा मोठा वाटा होता. त्याच प्रकरणात न्यूज ऑफ द वर्ल्ड हे साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद पडले.

परदेशातून १ दाबणे किंवा छोटा क्रमांक लावणे चालेलच असे नाही. देशाच्या संकेतांकासह पूर्ण क्रमांक लावावा. ऐकण्यासाठीचा हा कॉल तुमच्याच खर्चाचा असतो, हे मात्र लक्षात असू द्यावे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. मी विमान मोडचा मार्ग निवडला आहे, पिन बदलला आहे आणि दुसऱ्या फोनवरून तो वापरूनही पाहिला आहे. एक अडचण मात्र चाचणीतच उघडी पडली: यंत्राचा अनोळखी आवाज ऐकला की आई चुकीचा क्रमांक लागला असे समजून फोन ठेवते. यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १

आहे. व्हॉइसमेलच्या सूचनांमध्ये स्वतःच्या आवाजातील अभिवादन ध्वनिमुद्रित करण्याची सोय बहुधा असते. ते छोटे ठेवावे आणि पहिलाच शब्द तुमचे नाव असू द्यावे, म्हणजे त्यांना लगेच खात्री पटेल.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

तसे केले. माझे नाव, आणि ‘टूं असा आवाज झाला की बोला’, एवढेच ठेवले आहे. आज दुपारी फोन विमान मोडवर ठेवून आईला कॉल करायला सांगितले. तिने औषधाची वेळ, शेजारच्यांचा निरोप आणि मी जेवलो का, हे सगळे न थांबता सांगितले. ते मी दुसऱ्या फोनवरून पिन वापरून ऐकले.