मदत हवी आहे: क्रिप्टिक शब्दकोडं फार अवघड झालंय का? (उद्या छापायला जाणार)

प्राजक्ता_इंदूर
मंडळी, घाईत आहे. आमच्या मंडळाच्या गणपती अंकासाठी मी क्रिप्टिक, म्हणजे शब्दांच्या खेळात उत्तर लपवलेलं, शब्दकोडं केलंय, आयुष्यातलं पहिलंच. उद्या दुपारी अंक छापायला जातोय. काल चौघांना सोडवायला दिलं, चौघांनी अर्ध्यावर टाकलं. "फार अवघड आहे" यापुढे कोणी बोलायला तयार नाही. हे चार तर कुणालाच आले नाहीत:

काका जळगावच्या मध्यात, डोळ्यांत घालायचं
बावरलेला नवरा झाडावर उड्या मारतो
पराभव झाला तरी गळ्यात घालतात
रहस्य आणि जुनं घर, होळकरांचं सात मजली

सोपे करू की राहू देऊ? प्लीज लवकर सांगा.

खोडरबर
अक्षरं किती? कंसात आकडे कुठे आहेत? चौकट केवढी? या चार शब्दांना दुसरे शब्द किती ठिकाणी छेदतात? एवढं कळल्याशिवाय अवघड की सोपं कसं सांगणार?

शमा_कोथरूड
पहिलं आलं! का-का जळ-गाव. काजळ! फार सुंदर आहे हो हे, याला हात लावू नका.

निवृत्त_मास्तर
शब्दकोड्याचा इतिहास जाणून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही. पहिलं कोडं ऑर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात दिलं. क्रिप्टिक प्रकार रुजला तो इंग्लंडात. १९४२ साली तिथल्या डेली टेलिग्राफने बारा मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कला सांकेतिक संदेश फोडायच्या कामावर बोलावलं.

खोडरबर
मास्तर, माहिती छानच, पण ताईंना उद्या अंक द्यायचाय.

प्राजक्ता_इंदूर
अक्षरं ३, ३, २, ४. चौकट ११ बाय ११. चौथ्याला एकच शब्द छेदतो.

शमा_कोथरूड
दुसऱ्याचं उत्तर वानर असेल तर माझा आक्षेप आहे. नवरा म्हणजे न, व, रा. वानर म्हणजे वा, न, र. तुम्ही रा चा काना काढून व ला लावलात. मराठी कोड्यात एका घरात अख्खं अक्षर जातं, काना सुटा फिरत नाही. सोडवणारा न, व, रा कितीही उलटेपालटे करो, वानर निघणारच नाही. हा अन्याय आहे.

खोडरबर
अन्याय कसला? इंग्रजीत एकेक अक्षर सुटं असतं म्हणून त्यांचे अॅनाग्राम, म्हणजे अक्षरं उलटीपालटी करून नवे शब्द, होतात. आपण काना-मात्रा चिकटवूनच ठेवल्या तर मराठीत अॅनाग्राम जेमतेम होतील. काना सुटा धरायलाच हवा.

शमा_कोथरूड
धरा, पण आधी सांगा. नाहीतर विस्कटलेल्या कमलने लिहितात (३) असं द्या. कलम. एकही काना हलत नाही. आणि चौथ्यात रहस्य म्हणजे राज? ते हिंदी आहे, मराठी कोड्यात नको.

माळव्याची_आत्या
शमाताई, इंदुरात आम्ही घरात मराठी आणि दारात हिंदी बोलतो. राज कळणार नाही असा माणूस इथे सापडायचा नाही. प्राजक्ता, राजवाडा ठेवच गं. तिथून पुढे सराफ्यात भुट्ट्याचं कीस खायला जायचं. शमाताई, कधी आलात तर रात्री दहानंतरच या.

खोडरबर
माझा अनुभव सांगतो. वडोदऱ्याला नोकरीत असताना द हिंदूचं इंग्रजी क्रिप्टिक सोडवायला घेतलं. पहिले तीन महिने दिवसाला दोन क्ल्यू यायचे. मग सोडवणं सोडलं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर समोर ठेवून क्ल्यू उलटा वाचायला लागलो. उत्तराचा अर्थ क्ल्यूच्या सुरुवातीला किंवा शेवटीच असतो आणि उरलेल्या शब्दांत ते कसं घडवायचं ते असतं, हे तेव्हा अंगवळणी पडलं. माझी इंग्रजी तेवढीच होती, पण कोडी सुटायला लागली. त्यातही एका रचनाकाराचं वीस मिनिटांत व्हायचं आणि दुसऱ्याचं दिवसभर हलायचं नाही. म्हणून विचारतो, त्या चौघांपैकी आधी क्रिप्टिक कुणी सोडवलं होतं? आणि नियम कुठे छापलेत?

प्राजक्ता_इंदूर
नियम लिहिलेच नाहीत. वर नुसतं "शब्दकोडे" लिहिलंय. क्रिप्टिक असतं हे लोकांना माहीत असेल ना?

शमा_कोथरूड
अहो ताई! ते चौघे साधं शब्दकोडं समजून सोडवत होते! डोळ्यांत घालायचं म्हणजे थेंब की सुरमा यात अडकले असतील. जळगाव कशाला आलंय हे त्यांना कळणार कसं?

निवृत्त_मास्तर
झिमेनीज या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी १९६६ सालीच नियम लिहून ठेवले आहेत. त्यांच्यामागून आलेल्या अझेड या रचनाकाराने त्यांचं सार सांगितलं: चोख अर्थ, उत्तर घडवण्याची चोख वाट, आणि तिसरं काहीही नको. यात काकांचं जळगाव बसतं. नवऱ्याबद्दल मी शमाताईंच्या बाजूने आहे.

खोडरबर
मास्तर, त्यांच्या भाषेत काना नव्हता!

ताई, वर चार ओळींत नियम टाका. काजळ उदाहरण म्हणून सोडवूनच दाखवा. काना-मात्रा सुटे धरलेत हेही लिहा. राजवाड्याला आणखी एक शब्द छेदू द्या. क्ल्यू बदलू नका.

माळव्याची_आत्या
अंकाची एक प्रत माझ्यासाठी ठेव गं. सुदामा नगरला मीच येऊन घेईन.

प्राजक्ता_इंदूर
नियम लिहिले. शब्द हलवून राजवाड्याचा वा छेदून घेतला, त्यात दोन तास गेले. मग सासऱ्यांना काजळ समजावून कागद हातात दिला. हार त्यांनी लगेच सांगितला. राजवाडा वा मिळाल्यावर आला. नवऱ्यापाशी मात्र बसून आहेत. विजेच्या बिलाच्या मागे न, व, र आणि काना गोल मांडलाय, एकेकावर पेन्सिल टेकवताहेत. दोनदा चहा गरम करून दिला, उत्तर सांगू देत नाहीयेत.