रुंदीपेक्षा खालचा गाळा बघा

"एक साइज मोठी पेटी घेतली की जाड वायर बसते" असं इलेक्ट्रिक पॅनलच्या पेटीबद्दल कुणी म्हणालं, तर ते मला अर्धंच पटतं. रुंदी लागतेच. अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिमी) वायरचं टर्मिनल, म्हणजे वायर जोडायचा ठोकळा, साधारण 5 मिमी रुंद, सहा स्क्वेअरचं 8, म्हणजे 40 टर्मिनलची रांग 200 वरून 320 मिमीवर जाते. पण खरी गोची होते ती ग्लँड प्लेट (केबल जिथून आत येते तो खालचा पत्रा) आणि टर्मिनलच्या रांगेमधल्या जागेत, म्हणजे खालच्या गाळ्यात.

धुळ्याकडच्या एका जिनिंगमध्ये आमचं पॅनल होतं. ड्रॉइंगवर अडीच स्क्वेअर. मोटर पॅनलपासून लांब, त्यात मे महिन्यातला तापलेला पत्रा, म्हणून साइटवाल्यांनी परस्पर सहा ओढली. (चुकलं नाही त्यांचं.) आम्ही खाली जेमतेम 100 मिमी सोडले होते. सात तारांची ती कोअर (केबलमधली एकेक वायर) वळवताना वायरमनचा अंगठा सोलला, आणि वायरी ठेवायच्या डक्टचं झाकण तर बसेचना. "भो, यावर म्हैस बसवली तरी दबायचं नाही हे," म्हणाला. शेवटी ग्लँड प्लेटखाली वेगळा डबा जोडावा लागला. आता गाळा 250 ठेवतो आणि ग्लँड प्लेट भोकं न पाडता, सुटीच पाठवतो. भोकं साइटवर, हातात आलेल्या केबलच्या मापानं.